सुष्मिताच्या पेट्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
१८ जानेवारी १९९८

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

काय पावणं, पत्र बघून दचकलास काय? दाजीनं फोन का केला न्हाय म्हणशील. तुमच्या आजऱ्याची लाइन म्हणजे भिकार लाइन. पलीकडनं माणूस बोलतंय का मडक्यात तोंड घालून गुणगुणतंय, कळत न्हाय. अर्धं ऐकायचं, अर्धं मनानं जुळवायचं. त्यापरीस पत्र बरं. तू लिहिशील ते दिसंल तरी.

गिरणी विकली एकदाची. पिठाची चक्की, मिरची कुटायचा डंख, पट्टे, मोटर, सगळं कोडोलीच्या एका माणसानं नेलं. उभा जन्म त्या डंखाच्या शेजारी काढला, आता घरात बसून भिंती बघतोय. गिरणी होती तवा आम्ही सगळी वरडूनच बोलायचो. घर वर आणि गिरणी खाली म्हटल्यावर दुसरं काय करणार? आता खाली शांत हाय, तरी मी आणि तुझी अक्का अजून वरडूनच बोलतोय. शेजारी म्हणत असतील, म्हातारा-म्हातारी रोज भांडतात.

लिहायचं कारण वेगळं हाय. गिरणीची वजनं काढायला माळ्यावर चढलो, तवा पोत्यामागं सुष्मिताच्या पेट्या सापडल्या. तूच दिलेल्या. ती दहावी झाली तवा तू आजऱ्याच्या कुठल्या बदली झालेल्या इंजिनेराकडनं घेतल्यास त्या, पुस्तकाच्या कपाटात बसतील एवढ्या, जपानी स्पीकर. पोरगी गेल्यावर मीच वर टाकल्या होत्या. दीड वर्ष झालं शिवा. मेंदूज्वरानं आठ दिवसांत पोरगी जाती आणि तिच्या पेट्या माळ्यावर धूळ खात ऱ्हातात.

खाली आणून जाळी काढली तर स्पीकरच्या कागदी पडद्याच्या कडेचा फोम नुसता बोट लावल्यावर गळला. माझ्या गिरणीत एवढं बारीक पीठ कधी पडलं न्हाय. आतल्या तारा काळ्या पडल्यात. पण लाकूड घट्ट हाय. मी ह्या दुरुस्त करणार.

कशापायी, ते तुला सांगायला नको. तिची कॅसेट हाय. रेडिओवर निवेदिका व्हायचं म्हणून घरात सराव करायची ती. गुळाचे बाजारभाव, हवामान, पुढच्या कार्यक्रमाची माहिती. ती कॅसेट मी दिवाळीत साध्या टेपवर लावली होती, तर आवाज तिचा वाटंना. म्हटलं, टेपचा स्पीकर खेळण्यातला, त्यात काय ऐकू येणार. ह्या पेट्यांवर ती रोज ऐकायची. ह्यांच्यावरच ऐकायला पाहिजे. तुला त्या पेट्यांचा आवाज आठवतोय का? आठवत असंल तर कसा होता ते लिही. माझ्या कामाला यील.

तुझा,
बसवराज पट्टणकुडे

-

आजरा
५ फेब्रुवारी १९९८

ती. दाजींना शरणार्थ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही काहीतरी हाती घेतलंत याचंच मला बरं वाटलं. गेल्या वर्षी तुम्ही ज्या तऱ्हेनं बसलेले असायचात, ते बघून मला तिथून निघवत नसे.

पेट्यांचा आवाज कसा होता म्हणता. मऊ होता. मोठा नव्हता. बोलणारा माणूस समोरच्या खुर्चीवर येऊन बसला आहे असं वाटायचं. सुष्मिता माझ्यासमोर ती कॅसेट लावून विचारायची, "मामा, रेडिओवाली वाटते की नाही?" मी मुद्दाम नाही म्हणायचो आणि ती माझ्या पाठीत धपाटा घालायची.

दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. पुण्यात हे काम करणारे लोक आहेत, पेट्या तिकडे पाठवू या, मी सोबत येतो. आणि दुसरं म्हणजे त्या कॅसेटची आधी एक नक्कल काढून ठेवा. फीत झिजते दाजी. स्पीकर नीट करायचे म्हणजे ती सतत वाजवावी लागणार. परीक्षा दुसऱ्या कुठल्याही गाण्यावर करा आणि तिची कॅसेट शेवटी लावा.

अक्का कशी आहे? तुमच्या पत्रात तिचं नाव आहे पण ती कशी आहे ते नाही. सोबत काजू पाठवतोय, ह्या वर्षीचा पहिला.

आपला,
शिवशरण

-

कोल्हापूर
२२ एप्रिल १९९८

चि. शिवशरण यास आशीर्वाद.

काजू चांगला होता. तुझ्या अक्कानं डब्यात घालून कुलूप लावल्यागत ठेवलाय.

पुण्याला कशाला पाठवायचं? हितं कोल्हापुरात काय माणसं मेलीत? मोटर बांधणारा उद्यमनगरातला एक माणूस माझ्या ओळखीचा, त्यानं स्पीकरची कॉइल केसासारख्या तारेनं भरून दिली. राहिला कडेचा फोम. तो हितं मिळंना. मग डोक्यात आलं, फोमच कशाला पाहिजे? चप्पल लाइनीत ज्ञानूकडं गेलतो. चपलेच्या आत अस्तराला लावतात ते शेळीचं कातडं त्याच्याकडनं आणखी तासून घेतलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. त्याची गोल कडा कापली, ओली करून ताटलीवर ताणून वाळवली, आणि चिकटवली. फोम दहा वर्षांत गळतो, हे कातडं माझ्या मागं ऱ्हाईल. ज्ञानू म्हणाला, आण्णा, चपलेला गाणं म्हणायला लावताय व्हय.

गुढीपाडव्याला वाजवलं. शिवा, खर्ज असा आला की कपाटातली भांडी थरथरली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग तिची कॅसेट लावली.

आणि सगळं मातीत गेलं. बोलती ती, पण वाकळंत तोंड खुपसून बोलल्यागत. शब्दांच्या कडाच न्हाईत. तिचं बोलणं कसं होतं तुला ठाऊक हाय, एकेक अक्षर निवडून काढल्यासारखं. कॅसेटमध्ये एके ठिकाणी तुझी अक्का सैपाकघरातनं वरडती, "भाकरी गार व्हायला लागलीया," आणि पोरगी गुळाचा भाव सांगता सांगता हसती. ते हसूच नीट ऐकू यीना. नुसता श्वास टाकल्यागत.

तुझी अक्का समोर बसलेली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, हाच की. असाच बोलायची की माझं लेकरू. मी म्हटलं, तुला काय कळतंय, मिरचीच्या डंखापाशी बसून तुझं कान गेल्यात. उठून सैपाकघरात गेली मग.

आता खोट कुठं हाय ते मला कळलंय. बारीक आवाज काढणारा जो छोटा स्पीकर असतो, ट्वीटर, तो थकलाय. त्याच्या मागचं कंडेन्सर वाळून गेल्यात. जुन्या मालात हे होतंच. तू मुंबईला जाणार हायस ना काजूच्या कामाला? चिठ्ठीवर लिहिलंय ते कंडेन्सर आण. चांगले आण, हलके नकोत.

नकलेचं म्हणशील तर मला ते पटत न्हाय. नक्कल म्हणजे नक्कल. तिच्या तोंडासमोर फिरली ती फीत ही. माझ्या हातात अस्सल असताना मी झेरॉक्स कशाला ऐकू? आणि परीक्षा तिच्याच आवाजावर करणार, कारण जगात तेवढा एकच आवाज मला पाठ हाय.

बसवराज

-

आजरा
११ जून १९९८

ती. दाजींना शरणार्थ.

कंडेन्सर लॅमिंग्टन रोडवरून घेतले. दुकानदारानं विचारलं, कशासाठी हवेत. सांगितलं, तर म्हणाला जुन्या पेट्यांना फार हात लावू नका, त्यांचा तोल जातो. तुम्हाला कळवतो आहे इतकंच.

दाजी, एक विचारू? अक्का म्हणाली की हाच आवाज, तर ते पुरे नाही का? तिनं त्या पोरीचं पहिलं रडणं ऐकलंय. डंखापाशी तीही बसायची, पण तुमच्यासारखी दिवसभर नाही. ती वरच्या घरात असायची. तिनं ओळखला असेल तर मला वाटतं काम झालं. आता दोघांनी बसून ऐकावं.

नक्कल काढा, ही विनंती पुन्हा करतो.

आपला,
शिवशरण

-

कोल्हापूर
९ नोव्हेंबर १९९८

चि. शिवशरण यास आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हात मोकळा नव्हता.

तू पाठवलेले कंडेन्सर बसवले. थोडा फरक पडला, थोडाच. मग ट्वीटरच बदलले. नवीन आणले, जर्मन बनावटीचे, आवाज सुरीसारखा कापतात म्हणं. जुने भंगारवाल्याला घातले. तरी वाकळ काय जाईना. मग लक्षात आलं की ट्वीटरला आवाज कमी पोचावा म्हणून कंपनीनं मधी एक रेझिस्टर घातलेला असतो. तो उपटून काढला. कशाला पोरीचा आवाज दाबायचा? काढल्यावर जरा जवळ आली ती. आता अँप्लिफायरचं बारीक आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं की तिच्या शब्दांच्या कडा थोड्या दिसायला लागतात. थोड्या. अजून लांब हाय.

मी रोज बसतोय. कॅसेटमधली ती हसण्याची जागा मागं घ्यायची, वाजवायची, परत मागं घ्यायची. ती जागा आली की मी डोळे मिटतो आणि वाट बघतो. मला आठवतंय ते हसू आणि पेटीतनं येतंय ते हसू एक व्हायला पाहिजेत. एकदा झाले की मी थांबणार. तेवढंच मागणं हाय माझं, दुसरं काही न्हाय.

आता तुझ्या अक्काचं लिहितो, कारण तू दर पत्रात विचारतोस. तिनं कानात कापसाचे बोळे घातल्यात. मी कॅसेट लावली की ती उठून मागच्या अंगणात जाती आणि दार लावून घेती. परवा माझ्या पाया पडली, म्हणाली बंद करा. शिवा, आई हाय ही. तिच्या लेकीचा आवाज घरात आला तर तिला नको झालाय. मी म्हटलं, तुला इसरायचं असंल तर इसर, मी इसरणार न्हाय. ती उठून अंगणात गेली. दोन दिवस जेवली न्हाय. बायका लई घट्ट मनाच्या असतात, हे मला ह्या वयात कळायला लागलंय.

शेजारचे पण येऊन गेले. आण्णा, जरा बारीक करा म्हणं. बारीकच तर करतोय म्हटलं.

संक्रांतीला ये. तुझे कान तरणे हाईत. तू त्या पेट्या पूर्वी ऐकल्यास. बसून सांग, अजून काय कमी हाय.

बसवराज

-

आजरा
२९ जानेवारी १९९९

ती. दाजींना शरणार्थ.

परत आल्यापासून रोज पत्र लिहायला बसतो आणि फाडतो. हे फाडणार नाही.

संक्रांतीला तुम्ही कॅसेट लावलीत तेव्हा मी थोड्या वेळानं उठून गॅलरीत गेलो. प्रवासानं डोकं दुखतंय म्हणालो. ते खरं नव्हतं. मला तो आवाज सहन झाला नाही. दाजी, वाकळीतला आवाज नाहीच तो. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आहे. तिचा प्रत्येक स आणि श कानात घुसतो, आणि ती हसते तेव्हा किंचाळल्यासारखं वाटतं. कुणीतरी तिला दुखवतंय आणि ती ओरडते आहे असं. मी भावासारखा तुमच्याजवळ बसलो होतो आणि मला तुमचा हात धरून ते यंत्र बंद करावंसं वाटत होतं. तुम्ही मात्र डोळे मिटून म्हणालात, "अजून लांब हाय."

त्या वेळी माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर झाला. तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर. माझ्यासाठी म्हणून खोलीत थांबलेल्या अक्कानं, कानात बोळे असूनही, मान वळवली. तुम्ही वळवली नाहीत. मी तो मुद्दाम चालू ठेवला. तुम्हाला तो ऐकूच आला नाही.

पेट्यांमध्ये खोट नाही दाजी. पहिल्यांदा कातडं लावून वाजवल्यात तेव्हाच त्या बऱ्या झाल्या होत्या. अक्का सांगत होती. कान तपासून घ्या. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. तुम्हाला ऐकायला कमी येतं हे कळणार कसं? मलाही लाइन खराब असंच वाटत होतं.

अक्काला विसरायचं नाही. तिचं लेकरू तिच्यासमोर रोज किंचाळतं म्हणून ती अंगणात जाते. तिला काही दिवस माझ्याकडे पाठवा. तिचं वजन बघवत नाही.

मी लहान आहे. चुकलं असेल तर दोन शब्द बोला.

आपला,
शिवशरण

-

कोल्हापूर
३ फेब्रुवारी १९९९

शिवशरण,

मला बहिरा म्हणतोस? चक्कीचा दगड चालू असताना नुसत्या घरघरीवरनं मी सांगायचो, दगड बोथट झालाय, ह्याला टाकी लावायला झाली. पेठेतल्या दुसऱ्या गिरणीवाले मला बोलवून न्यायचे. तुझं आजऱ्याचं शहाणपण तुझ्या काजूच्या पोत्यात घाल.

मला सगळं ऐकू येतं. माणसं बोलतात ते ऐकू येतं, म्हैस हंबरती ते ऐकू येतं, पेठेतला ढोल ऐकू येतो. फक्त माझ्या पोरीचा आवाज नीट येत न्हाय, तर खोट माझ्यात व्हय? दोघं बहीणभाऊ मिळून मला येडा ठरवायला बसलाय.

तुझ्या अक्काला न्यायचं असंल तर ने. कायमची ने. माझं माझ्या पोरीबरोबर बरं चाललंय.

बसवराज

-

कोल्हापूर
१७ सप्टेंबर २०००

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचायचं का न्हाय ते तू ठरव. दीड वर्षात मी तुला चार ओळी लिहिल्या न्हाईत. तू अक्काला घेऊन गेलास तवा मी दारात पण आलो न्हाय.

गेल्या महिन्यात फोन वाजला. उचलला. पलीकडनं कुणीतरी बाई बोलत होती. मी म्हटलं, कोण बोलतंय? ती परत बोलली. मी म्हटलं, बाई, राँग नंबर हाय, आणि ठेवला. परत वाजला. तिसऱ्या खेपंला ती वरडली तवा मला कळलं की ही रत्नव्वा हाय. माझी बायको. जिच्याशी लगीन करून मी म्हातारा झालो. श्रावण सोमवार हाय, उपास धरू नका, गोळ्या घ्या, एवढं सांगायला तिनं फोन केलता. मी फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसलो.

मग गेलो डॉक्टरकडं. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले, आवाज आला की बटण दाब म्हणाले. मी दाबत होतो. मग बराच वेळ आवाज आला न्हाय, मला वाटलं यंत्र बंद पडलं. मी काचेतनं बघितलं तर बाहेर यंत्रापाशी बसलेली तपासणारी पोरगी माझ्याकडं बघत एकेक खटका दाबत होती. आवाज येत होते शिवा. मलाच येत न्हवते.

डॉक्टरनं कागदावर रेघ दाखवली. अलीकडं सपाट, आणि मग पन्हाळ्याच्या कड्यासारखी सरळ खाली. म्हणाला, गिरणीत होता काय? डंखानं खाल्ले कान. जाड आवाज येतील, बारीक यायचे न्हाईत. मशीन लावता येईल, त्यानं बोलणं मोठं होईल, पण जे मेलंय ते मशीननं उठत न्हाय. मी विचारलं, पूर्वीसारखं कधीच न्हाय? तो कागद घडी घालत म्हणाला, न्हाय.

म्हणजे मी पेट्या दुरुस्त करत बसलो आणि पेट्या बऱ्याच होत्या. तुझी अक्का पहिल्याच दिवशी रडत सांगत होती, हाच की म्हणून. तिला मी काय बोललो ते तुला लिहिलं होतं, तेवढं पत्र जाळून टाक. पोरगी गेली तवा मी असा मोडलो न्हवतो. तवा वाटलं होतं, आवाज तरी हाय. आता कळलं की तो माझ्यापुरता गेलेलाच हाय, आणि ती जिवंत होती तवापासनंच जात होता. तिचं शेवटचं बोलणं दवाखान्यात मी नीट ऐकलं का न्हाय, हे पण मला आता ठाऊक न्हाय. मी मान हलवत होतो. घरात काय सगळ्यांनाच मान हलवायची सवय होती.

जगावंसं वाटत न्हाय असं लिहिलं तर तू धावत येशील, म्हणून लिहीत न्हाय.

पण एक काम राहिलंय. मला ऐकू येणार न्हाय ते न्हाय, तुझ्या अक्काला तरी यावं. तिच्या लेकीचा आवाज मी तिच्यासाठी किंचाळता करून ठेवला. ते जर्मन ट्वीटर उपटून टाकलेत. जुन्या बाजारात फिरून फिरून पहिल्यासारखे ट्वीटर मिळवलेत, अगदी तेच न्हाईत पण त्या बेताचे. रेझिस्टर परत घातला. ह्या खेपंला कानानं काही केलं न्हाय, कंपनीचा नकाशा मागवला आणि त्याप्रमाणं एकेक तार जोडली. कॅसेट कपाटात नीट ठेवलीय. तुझ्या अक्काला पाठवून दे. तिच्या मनात नसंल तर जबरदस्ती करू नको.

तुझा दाजी,
बसवराज

-

आजरा
२४ सप्टेंबर २०००

ती. दाजींना शरणार्थ.

पत्र अक्कालाच वाचायला दिलं. वाचून ती परसात जाऊन बसली. संध्याकाळी आली आणि पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, दसरा करून जा. ती म्हणाली, "एकटं माणूस हाय तितं, त्याला कुकरची शिट्टी पण ऐकू येत नसंल."

रविवारी मी तिला आणून सोडतो. तुमच्या मागच्या पत्राचं मी मनात ठेवलेलं नाही, तुम्हीही ठेवू नका.

एक सांगायचं आहे. इथं असताना अक्कानं घरात रेडिओ लावू दिला नाही. कुणी बाई बातम्या वाचायला लागली की ती उठून जायची. त्यामुळे पेट्यांची घाई करू नका. आधी दोघं नुसतं बसा.

आपला,
शिवशरण

-

कोल्हापूर
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, २००१

चि. शिवाला अक्काचा आशीर्वाद.

तुझे दाजी कानाला मशीन लावून देवळात गेल्यात, तेवढ्यात लिहिते. तिळगूळ पाठवलाय, पोचला का कळव. पण पत्रात ह्या बाबतीत काय लिहू नको, ते माझी पत्रं वाचत न्हाईत पण पाकीट तेच फोडतात, नजर पडंल.

तू म्हणालास घाई करू नका, तसं आम्ही दिवाळीपर्यंत पेट्यांचं नाव काढलं न्हाय. ते माझ्याशी लई चांगलं वागतात आता. भाकरी वाढली तर हात जोडल्यागत बघतात. मलाच कसंतरी होतं. पाडव्याला म्हणाले, रत्ना, ऐकतीस काय. नको म्हणायचं माझ्या तोंडावर आलतं. पण त्यांचं तोंड बघितलं आणि बसले. त्यांनी पेटीवर हात ठेवला, हाताला थरथर लागती म्हणं, तेवढीच त्यांना कळती. आणि कॅसेट लावली.

शिवा, त्यात आता काय न्हाय. तू सांगितलं होतंस ना फीत झिजती म्हणून, ते कुणी ऐकलं न्हाय. सू सू असा नुसता वारा येतो आणि त्याच्या आत कुणीतरी लांब बोलतंय असं वाटतं. ती हसायची जागा त्यांनी एवढ्या वेळा मागंपुढं केली की तिथं फीत चुरगळलीय. तिथं खरखर होती आणि मग पुढचं चालू होतं. हसू न्हाईच. पेट्या चांगल्या झाल्यात, हातानं लोणी काढल्यागत मऊ आवाज हाय त्यांचा. त्यातनं यायला काय राहिलं न्हाय.

त्यांनी डोळे मिटले होते. संपल्यावर माझ्याकडं बघून विचारलं, हाच का. मी म्हटलं, व्हय. म्हणाले, हसली का. म्हटलं, हसली की. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. म्हणाले, बास, तुझ्यापाशी तरी हाय, आता मला काय लागत न्हाय. त्या दिवसापासनं बरं जेवतात. झोप लागती. डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली.

मला वाटलं होतं, कॅसेट गेली तर गेली, माझ्या डोक्यात तरी हाय. म्हणून परसात बसून आठवायला गेले. भाकरी गार व्हायला लागलीया म्हटल्यावर ती हसायची ते. तर आलं काय, ते खिळ्यासारखं किंचाळणं. दुसरं काय येतच न्हाय. तोंड आठवतं, वेणी आठवती, माझ्या गळ्यात पडायची ते आठवतं, पण तोंड उघडलं की ते पेटीतलं किंचाळणं बाहेर येतं. मी लई प्रयत्न केला. देवापुढं बसून केला. खरा आवाज गेला शिवा. कापूस घालायला मला उशीर झाला.

तुझ्या डोक्यात असंल तर तुझ्यापाशी ठेव. मला सांगायचा प्रयत्न करू नको, सांगून काय आवाज येत न्हाय.

ह्यातलं त्यांना कधी कळू देऊ नको. त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीवर हाय, की माझ्यापाशी हाय म्हणून. रोज दिवे लागायच्या वेळेला ते कॅसेट लावतात, पेटीवर हात ठेवतात आणि मला विचारतात. आता देवळातनं येतील आणि विचारतील. मी व्हय म्हणते.

तुझी अक्का